पाल्याची पेज आणि कोतल्याचा पेला

यसवती बसली की पेंगायची, म्हणून ती बसायचंच टाळायची. केगल्लहून कँडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबगोल्लचा फाटा आहे. तिथे माझं चहा-किराण्याचं दुकान, त्याला लागून तिचं पेजेचं टेबल, आणि टेबलापलीकडे तिच्या नवऱ्याची, लोकुबंडाची, पेल्यांची मांडणी. घरंही मागे एकमेकांना चिकटून. त्यामुळे त्यांच्या चुलीवर काय शिजतंय हे मला कधी विचारावं लागलं नाही.

ती उजाडायच्या आत उठून पाला खुडायची. शतावरी, ब्राह्मी, कापूरमाधुरी, ज्या दिवशी जे हाती लागेल ते. तो पाला वाटून, पिळून, मग तांबड्या भातात नारळाचं दूध आणि तो हिरवा रस घालून पेज करायची. कचेरीला जाणारे लोक बस येईपर्यंत उभ्या उभ्या ही पेज प्यायचे आणि घोटाघोटाला माडाच्या गुळाचा खडा चावायचे. त्यातले निम्मे साखरेच्या दुखण्याचे. माडाचा गूळ साखरेत धरत नाहीत, अशी आमच्याकडे लहानथोर सगळ्यांची पक्की समजूत आहे. मी एकदा एका हेडमास्तरांना विचारलं, "मास्तर, मग हा गोड कशानं लागतो हो?" तेव्हापासून ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

लोकुबंडा कातारी. बापही कातारीच होता. कोतलाहिंबुटू नावाची एक जाडजूड वेल आमच्या रानात होते. तिचं खोड आणि मुळं वाळवून, लेथवर चढवून तो पेले कातायचा. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते फिक्या चहासारखं लाल होतं, ते अनशापोटी प्यायचं. रंग उतरेनासा झाला की पेला संपला, दुसरा घ्यायचा. साखर झालेल्या माणसाच्या उशाशी कोतल्याचा पेला दिसला नाही, तर घरच्यांना त्याची काही पडलेली नाही असं गावात बोललं जातं. औषध सोडलं तर चालतं, पण पेला नाही म्हणजे फारच झालं.

माणूस दिसायला रुबाबदार. कमरेला लुंगीसारखा पांढराशुभ्र सारोंग, तेल लावून मागे वळवलेले केस, आणि बोलणं असं की समोरच्याला आपल्यालाही साखर असती तर बरं झालं असतं असं वाटावं. अशा माणसाला स्वतःलाच साखर निघाली. पायावर पटाशी पडल्याचं निमित्त झालं. अंगठ्याजवळची जखम काही केल्या भरेना. पावसाळा गेला तरी तो फडकं गुंडाळूनच हिंडत होता, आणि पुढे पुढे तो जवळ आला की वास यायला लागला. यसवतीने रडून-भांडून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सरळच सांगितलं, "साखर आटोक्यात आली नाही तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल."

गोळ्यांचं पाकीट घेऊन तो परत आला आणि माझ्या बाकावर बसला.

"रोसलिन, चहा दे. बिनसाखरेचा," म्हणाला. "बायकोची हौस फिटली एकदाची."

"गोळ्या घेशील ना वेळेवर?" मी विचारलं.

"मी?" तो हसला. "बापाच्या काळापासून लोकांना पेले देतोय. आता मीच गोळ्या खाताना कुणी बघितलं तर लोकांनी कुणाकडे बघायचं? माझ्या घरात कोतला कमी आहे का?"

"मग घेऊन आलास कशाला?"

"बाई एवढ्या प्रेमाने देत होती. तोंडावर नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं ते."

हे आमच्या माणसांचं खास आहे. डॉक्टरसमोर मान डोलवायची, दोन्ही हातांनी पाकीट घ्यायचं, आणि घरी आलं की कपाटावर टाकून द्यायचं. तो दर महिन्याला न चुकता दवाखान्यात जायचा, पाकीट आणायचा आणि यसवतीच्या हातात देऊन म्हणायचा, "टाक संडासात." यसवती हो म्हणायची.

टाकत मात्र नव्हती. एका सकाळी मी काडेपेटी द्यायला तिच्या चुलीशी गेले, तर पाट्याच्या कोपऱ्यात ती वरवंट्याने काहीतरी पांढरं भरडत होती. मला बघून तिने आधी त्यावर हात ठेवला, मग काढला.

"त्यांच्या वाटीत घालते," ती म्हणाली. "सकाळची पेजेत, संध्याकाळची डाळीत. पाला कडूच असतो, कळत नाही."

"अगं, हे कधी ना कधी अंगाशी येईल."

"येऊ दे. पाय तर राहील."

मला त्या बाईचा राग आला आणि कीवही आली. एका दमात दोन्ही आलं, म्हणून मी काडेपेटी ठेवली आणि परतले.

गोळ्या भरडायला लागल्यापासून यसवतीला सुट्टी राहिली नाही. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बाया मी पुष्कळ बघितल्या आहेत. त्यांना निदान चारचौघांत उसासा टाकता येतो, कुणी तरी "दमलीस गं" म्हणतं. हिला तेही नव्हतं, कारण हिचं काम कुणाला दिसतच नव्हतं. तिची मुलगी सुजीवा लांब वावुनियाला दिलेली, तिला पहिला मुलगा झाला. अशा वेळी आई महिनाभर लेकीकडे जाऊन राहते. ही पहाटेच्या बसने गेली आणि संध्याकाळच्या डाळीला परत आली. सुजीवाच्या सासूने म्हणे तोंडावर सांगितलं, "पाहुणीसारख्या आलात, पाहुणीसारख्या चाललात." यसवती मला हे सांगताना शांत होती, हातातलं लसूण सोलणं चालूच होतं. तिला ताप भरला तरी ती चुलीशी उभी. बहिणींनी श्रीपादाच्या डोंगरावर यात्रेला यायचा किती आग्रह केला, पण ती गेली नाही. लोकुबंडा सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, "हिला माझ्याशिवाय करमत नाही." तेव्हा तिने एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं होतं.

मधे एकदा तो लेथवर काम करता करता घामाने निथळला, हातपाय लटपटायला लागले. यसवतीने धावत जाऊन त्याच्या तोंडात गूळ कोंबला आणि दुसऱ्या दिवशी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आली ती माझ्या बाकावर टेकली. बसली नाही, टेकलीच.

"अक्का, बाईंनी विचारलं, पेल्याचं पाणीही पितात का? मी हो म्हटलं. तर त्या म्हणाल्या, म्हणूनच साखर एवढी खाली आली. त्या लाकडात काहीतरी आहे म्हणे. मोठमोठे लोक त्याचा अर्क काढून, मापून, माणसांना देऊन बघतायत. पुढेमागे त्याचं औषधही होईल कदाचित. पण अर्क मापता येतो, पेला मापता येत नाही. नव्या पेल्यातून किती उतरतं, जुन्यातून किती, कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या गोळीबरोबर एक बारीक गोळी होती, ती बंद केली त्यांनी."

"मग चांगलंच झालं की."

"कसलं चांगलं?" ती म्हणाली. "पेला खोटा असता तर एक दिवस तोंडावर सांगून मोकळी झाले असते. आता काय सांगू? अर्धा खरा आहे म्हणून सांगू?"

पाय मात्र बरा झाला. जखम भरली, वर गुलाबी कातडी आली, आणि लोकुबंडाला हर्ष मावेना. तो दवाखान्यात जाऊन रक्त तपासून यायचा आणि आकडा गावभर सांगायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "छान, गोळ्या अशाच चालू ठेवा," आणि हा बाहेर येऊन डोळे मिचकावायचा. मांडणीवर गिऱ्हाईक आलं की तो सारोंग वर करून पाय पुढे टाकायचा. "हा पाय कापायला सांगितला होता. बघा! गोळी नाही, सुई नाही, फक्त कोतला." बस थांबवून लोक पाय बघायला उतरायला लागले. मी त्याला म्हटलंही, "बंडा, एक दिवस त्या पायाची मिरवणूक काढतील." तर त्याला ते खरंच वाटलं.

यसवती तेव्हा पेज ढवळत असायची. डाव पातेल्याला घासल्याचा आवाज तेवढा यायचा.

लोकुबंडाला एक धाकटी बहीण, बिसोमेणिके, रंबुक्कनला राहणारी. आईबाप लवकर गेले, यानेच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं. पुढे ती विधवा झाली तरी भावाचा शब्द तिला देवाच्या शब्दासारखा. ती त्याला लोकु अय्या म्हणायची, म्हणजे थोरला दादा. तिची साखर जुनी, इन्सुलिनवर गेलेली. रोज मांडीत सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या. कधी आली की मला दाखवायची आणि म्हणायची, "अक्का, आता टोचायला जागाच उरली नाही गं." कंटाळली होती बिचारी.

एप्रिलात आमचं नवं वर्ष येतं. त्याआधी काही तास चूल विझवून ठेवायची, काम नाही, खाणं नाही. मग मुहूर्तावर चूल पेटवायची, दूधभात रांधायचा, आणि कर्त्या पुरुषाने घरातल्यांना पहिला घास भरवायचा. लोकुबंडाने यसवतीला घास भरवला. नंतर पाहुणे यायला लागले, तेव्हा मीही ताटात कोकिस आणि कवुम, आमचं सणाचं तळलेलं गोडधोड, घेऊन गेले. बिसो विड्याच्या पानांची जुडी घेऊन आली, भावापुढे गुडघे टेकून पाया पडली आणि उठताना भिंतीला धरून उठली.

"बारीक झालीस गं," मी म्हटलं. पोलकं खांद्यावरून ओघळत होतं.

"साखर उतरली ना, अंगही उतरलं," ती हसली, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. मग परसात जाऊन आली. आल्यावर पुन्हा पाणी.

"सांग, सांग रोसलिनला," लोकुबंडा खुर्चीत सरसावून बसला. "काय केलंस ते सांग."

"सुया दिल्या फेकून," बिसो म्हणाली. "लोकु अय्याने मोठा पेला कातून दिला. मुद्दाम मुळाचा. सकाळ-संध्याकाळ तेच पाणी पिते. एवढा सडलेला पाय बरा झाला, माझं काय अवघड आहे?"

यसवती आतून कवुमांची ताटली घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. तिने ताटली टेबलावर ठेवली, बिसोजवळ गेली आणि तिच्या तोंडाजवळ वाकली. वास मलाही आला. पिकून उतरलेल्या फळासारखा, साखर फार चढली की येतो तसा.

"बिसो, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय. आत्ता," ती म्हणाली.

"आज?" लोकुबंडा म्हणाला. "नव्या वर्षाच्या दिवशी? शुभ बोल काहीतरी."

"उठ, बिसो."

"वहिनी, काही नाही झालंय मला. उपाशी होते, म्हणून चक्कर येतेय जरा," बिसो म्हणाली. "आणि दवाखान्यात गेले की ते परत सुया लावतील. लोकु अय्याचा पाय बघ की. तुझ्या डोळ्यांसमोरच बरा झाला ना?"

"बघ, बघ की," लोकुबंडा हसून म्हणाला, आणि सारोंग वर करून पाय पुढे केला.

आता यसवतीला गप्प राहून चालणार नव्हतं. बिसो जागची हलणार नव्हती, आणि ज्या पायाच्या भरवशावर ती बसून राहिली होती तो पाय तिथेच, सगळ्यांसमोर होता. यसवतीने पदराला हात पुसले. कोरडेच होते.

"तो पाय पेल्याने नाही बरा झाला," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या गोळ्यांनी झाला. मी रोज घालत होते. पेजेत आणि डाळीत."

लोकुबंडा आधी हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्याला काय ते कळलं.

"केव्हापासून?"

"तुम्ही पहिलं पाकीट आणलंत तेव्हापासून."

"मी टाकायला सांगितलं होतं."

"हो."

लोकुबंडाने सारोंग खाली केला आणि तो नीट, घोट्यापर्यंत झाकून घेतला, जणू परक्या बाईसमोर बसला होता. बिसो एकदा भावाकडे, एकदा भावजयीकडे बघत राहिली. मग तिने यसवतीपुढे हात केला. "धर मला, वहिनी. उभं राहता येत नाहीये."

माझ्या पुतण्याच्या रिक्षातून आम्ही दोघींनी तिला नेलं. बिसो वाचली. पण बरेच दिवस तिला तिथे ठेवून घेतलं, आणि डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. लोकुबंडा रोज बहिणीला बघायला जायचा, पलंगाच्या कडेला बसायचा आणि परत यायचा.

बायकोच्या हातचं खाणं त्याने सोडलं. माझ्या दुकानातून भाताचं पुडकं घ्यायचा आणि लेथजवळ पाठ करून खायचा. मी म्हटलं, "बंडा, मीही काही घातलं असेल बरं का आत." तो हसला नाही.

"जन्मभर तिच्या हातचं डोळे मिटून खाल्लं, रोसलिन," तो म्हणाला. "आता घास उचलला की वाटतं, यात काय असेल?"

"तुझा पाय होता त्यात," मी म्हटलं. मला राग आवरला नाही. "दुसरं काही नव्हतं."

त्याने पुडकं गुंडाळलं आणि निघून गेला. पण दोन-चार दिवसांनी कुरुनेगलहून एक जोडपं मांडणीपाशी उतरलं आणि बाई विचारायला लागली, "हा पेला घेतला की यांच्या गोळ्या बंद करता येतील ना?" लोकुबंडाने पेला हातात घेऊन कितीतरी वेळ पुसला. मग म्हणाला, "नाही. गोळ्या चालू ठेवा. हा नुसता सोबतीला, आणि तोही डॉक्टरला विचारून." ती माणसं पेला न घेताच गेली. त्याने पेला परत जागेवर ठेवला.

आणि यसवती? यसवती झोपली. खरंच सांगते, त्या दिवसांत ती पोटभर झोपली. एकदा तर ऊन वर आलं तरी टेबल मांडलं नाही, बसवाले येऊन परत गेले. मी बघायला गेले तर ही चटईवर पालथी. उठून बसली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, "मेल्यासारखी झोपले, अक्का. त्यांनी बोलणं टाकलं तर वाईट वाटायला हवं ना? मला नुसती झोप येतेय." मग म्हणाली, सुजीवाकडे जाऊन राहीन म्हणते, नातू रांगायला लागलाय. पिशवी भरून दाराशी ठेवलीही होती. गोळ्यांचं पाकीट तिने उघड्यावर, त्याच्या पेल्याशेजारी ठेवलं होतं. घ्या नाहीतर नका घेऊ, असं.

अंगठ्याजवळची कातडी पुन्हा काळपट दिसायला लागली होती. त्याने बघितलं होतं. मी बघितलं होतं. तिने बघितलं होतं की नाही, हे मला तिच्या तोंडावरून कळेना.

एका सकाळी पेजेच्या रांगेत लोकुबंडा उभा. कंडक्टरच्या मागे आणि पोस्टातल्या बाईच्या पुढे, गिऱ्हाइकासारखा. त्याची पाळी आली. यसवतीने वाटी भरून पुढे केली. नवरा-बायकोत नव्या वर्षानंतरचं पहिलं बोलणं झालं ते असं, पातेल्यावर.

"घातलीस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. मी सोडलं ते."

त्याने कनवटीतून एक गोळी काढून टेबलावर ठेवली. "घाल."

"तोंडात टाका आणि गिळा. सगळं जग गिळतं."

"नाही जात." तो इतक्या खाली मान घालून बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "करून बघितलं. पाण्याने बघितलं, भाताच्या घासात बघितलं. हातात घेतली की घसा बंद होतो. बापाचं तोंड समोर येतं. तू घालत होतीस तेव्हा जात होती."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक असलं तरी चालेल. पण तूच घाल. मला दिसू नको देऊस."

मागे पोस्टातली बाई घड्याळ बघत होती. यसवती त्या गोळीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही चिडेल, किंवा रडेल, आणि मी तिच्या बाजूने भांडायला पदर खोचूनच उभी होते. पण तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"म्हणजे मला सुट्टी नाहीच," ती म्हणाली.

तिने गोळी उचलली, पाट्याकडे वळली, आणि लोकुबंडा तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा राहिला.